कुरिया मुरिया, आपला जुवा आणि एक ब्लँकेट

सलालाह,
१६ जानेवारी

आदरणीय सफूराआपा यांना धाकट्या रशीदचा अदबीने सलाम.

अस्सलामु अलैकुम. आम्ही तिघंही इथे खैरियतीत आहोत आणि आपणा सर्वांच्या खैरियतीसाठी दुआ करत असतो. हुसैनमियाँ दुल्हाभाईंचा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल लागू पडलं की अजून जिना चढताना सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जातं? आपलं ब्लडप्रेशर, अंगणातली कलमं, काळी शेळी, सगळ्यांची तब्येत कळवावी. (हे ‘आपलं’ पहिल्या परिच्छेदापुरतंच आहे. मराठी शाळेत गुरुजींनी पत्रलेखन शिकवताना वडीलधाऱ्यांना आपण म्हणायला सांगितलं होतं, म्हणून म्हटलं. पण जिने मला पोहायला शिकवताना केसाला धरून खाडीत तीनदा बुडवलं तिला आपण म्हणताना पेन अडखळतं. तेव्हा यापुढे तू.)

तू म्हणशील, हातात मोबाइल असताना हा पत्र कशाला लिहितोय? आपा, फोन केला की तू म्हणतेस, “सगळे बरे आहेत, ठेवते.” सहा वर्षं झाली, या वाक्यात एका शब्दाची भर पडलेली नाही. पत्रही तुला मध्येच ठेवता येईल म्हणा, पण ठेवल्याचा आवाज निदान माझ्या कानावर येणार नाही. आपल्या खालच्या आळीतला हसन सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती देतोय. त्याला बजावून सांगितलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, आपल्या चुलतभावाच्या, सकलैनच्या नव्हे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या पत्रात मी जुव्याचा, आपल्या खाडीतल्या त्या बेटाचा, विषय काढणार नाही. पुण्याचा तो रिसॉर्टवाला गृहस्थ, त्याला सकलैनने माझ्या वतीने दिलेला शब्द, आणि विक्रीसाठी मी महिनाअखेरपर्यंत पाठवायचं कबूल केलेलं मुखत्यारपत्र, हे सगळं तुझ्या कानावर गेलं असेलच. तुझ्या पडवीतून जुवा समोर दिसतो, त्यामुळे टेप घेऊन होडीतून उतरलेली माणसंही तू पाहिली असशील. पण तो विषय नाही. विषय आहे उमामाच्या शाळेचा.

तुझी भाची आता नववीत आहे. मराठी बोलताना ती अजून दर तीन शब्दांनी थांबते, पण इंग्रजीत बोलायला लागली की तिला थांबवावं लागतं. नोव्हेंबरात तिच्या समाजशास्त्राच्या मॅडमनी सगळ्या वर्गाला प्रकल्प दिला. समुद्रापलीकडचा एखादा लहानसा बेटांचा प्रदेश निवडा, त्याचा भूगोल लिहा आणि त्याचा राजकीय दर्जा सांगा. म्हणजे मालक कोण, कारभार कुणाचा, आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी काही विचारलं का. पोरांनी लगेच नकाशावर मोहरीएवढे ठिपके शोधून वाटून घेतले. कुणी अटलांटिकमधला, कुणी पॅसिफिकमधला. उमामाही तसलाच एक ठिपका घेऊन आली. मी म्हटलं, एवढं लांब कशाला जायचं, आपल्या दारात कुरिया मुरिया आहे की. (इथेच मी गप्प बसायला हवं होतं असं नौशीनचं म्हणणं आहे. पण ती हे माझ्या बहुतेक वाक्यांबद्दल म्हणते.)

तुला माहीत आहे, मी अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या, दुकानात जाळी, दोर आणि होड्यांची इंजिनं विकतो. सलालाहपासून किनारा धरून पूर्वेला गेलं की हासिक गाव लागतं, आणि त्याच्या समोर खोल समुद्रात ही पाच बेटं आहेत. आता त्यांना हल्लानियात म्हणतात. वस्ती एकाच बेटावर, तीही मूठभर. बाकी खडक, पाखरं आणि वारा. तिथले कोळी आमच्या दुकानात इंजिनाचे पंखे न्यायला येतात, म्हणून मला वाटायचं की मला त्यांची सगळी माहिती आहे. माहिती खरी उमामाने काढली. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेव्हाच्या सुलतानांनी ही बेटं इंग्लंडच्या राणीला देऊन टाकली. इंग्रजांना ती कशाला हवी होती सांगू? पाखरांच्या शिटेसाठी. बेटांवर हजारो वर्षांची शीट साचून खडक झाली होती आणि तिकडे विलायतेत शेताला ते खत फार मोलाचं होतं. सुलतानांनी मोबदला घेतला नाही असं म्हणतात. राणीने आठवण म्हणून एक तपकिरीची डबी पाठवली म्हणे. पाच बेटांची एक डबी.

चार-पाच वर्षांत शीट खरवडून संपली. मग त्या बेटांचं करायचं काय हे कुणालाच कळेना. मालकीण लंडनला, कारभार एडनच्या साहेबाकडे, तो पुढे बहारीनच्या साहेबाकडे, आणि बेटावरची माणसं आपली मासे मारतायत. शंभरावर वर्षं असंच चाललं. शेवटी १९६७ साली एडन सोडताना इंग्रजांनी ती ओमानला परत केली. उमामा हे मला वाचून दाखवत होती तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. मालक परदेशात, कारभारी भलताच, जागेचा उपयोग कुणालाच नाही, असलं काहीतरी आपण आधी कुठे पाहिलंय असं वाटलं. तोवर बिस्किट तुटून चहात पडलं आणि मी विचार सोडून दिला.

डिसेंबरच्या सुट्टीत माझ्या डोक्यात आलं की पोरीला बेट प्रत्यक्ष दाखवावं. इतर पोरं इंटरनेटवरून चित्रं काढणार, आपली पोर पाय ठेवून येणार. अर्बाबच्या नात्यातला एकजण हासिकहून फायबरच्या होडीतून बेटावर जात-येत असतो. त्याने एका शब्दावर हो म्हटलं. वाटेत गाडीत मी उमामाला आपल्या घराण्याचा इतिहास सांगत होतो. आपण खाडीची माणसं, तुझे आजोबा नाखवा, आपल्या रक्तात समुद्र, वगैरे. होडी बंदराबाहेर पडली आणि अर्ध्या तासात माझ्या पोटात जे जे होतं ते बाहेर आलं. अब्बांनी आपल्याला वल्हवत नेलं ती खाडी होती आपा, तिथे भरतीलासुद्धा पाणी बिचारं विचारून चढतं. इथे समुद्र खालून ढुशा देत होता. उमामा पुढच्या फळीवर ताठ बसून पाण्याकडे बघत होती, आणि तो नाखुदा मला लिंबू देता देता तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला की ही खरी नाखव्याची नात. मग मला त्याने दुसरं लिंबू दिलं.

बेटावर पोचलो. शाळा, मशीद, थोडी घरं, शेळ्या. एका म्हाताऱ्याच्या घरी आम्हाला बसवलं, खजूर आणि कहवा आला. उमामाने वहीतून प्रश्न विचारायचे आणि मी माझ्या दुकानी अरबीत त्याला सांगायचे, असं ठरलं. (माझ्या अरबीत इंजिन, जाळी आणि ‘उद्या ये’ याखेरीज फारसे शब्द नाहीत, त्यामुळे राजकीय दर्जा विचारताना मला हातवारे करावे लागले.) बेटं परत मिळाली तेव्हा हा म्हातारा आठ-नऊ वर्षांचा होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे एक साहेब आला होता आणि त्याने घरोघर विचारलं की तुम्हाला कुणाकडे राहायचंय. याच्या बापाने म्हणे उत्तर द्यायला एक दिवस मागून घेतला, कारण पाण्याची विहीर बायकोच्या माहेरची होती आणि तिला विचारल्याशिवाय तो बोलणार नव्हता. खरंखोटं अल्ला जाणे. लोकांचं मत घेऊन परत केली असं उमामाच्या पुस्तकातही आहे, विहिरीचं मात्र नाही.

मग उमामाने वहीत नसलेला प्रश्न विचारला. पहिल्यांदा, देऊन टाकताना, कुणी विचारलं होतं का? मी तो पोचवला. म्हाताऱ्याने खजुराची बी ताटलीत टाकली आणि तो म्हणाला, “देताना कोण विचारतो? विचारलं ते परत देताना. म्हणून माझा बाप त्या साहेबाला आयुष्यभर दुआ देत होता.”

येताना मी एक मूर्खपणा केला. प्रकल्पाच्या टेबलावर अस्सल नमुना असावा म्हणून एका खडकावरून पाखरांची शीट खरवडून प्लास्टिकच्या डब्यात भरून आणली. नौशीनने तो डबा घरात येऊ दिला नाही, म्हणून तो आठ दिवस गाडीच्या डिकीत उन्हात राहिला. मागच्या गुरुवारी शाळेत प्रदर्शन होतं. मी छातीचा कोट करून टेबलामागे उभा राहिलो आणि झाकण उघडलं. आपा, आपल्या बंदरावर सुकट पावसात भिजली की जो वास येतो तो याच्यापुढे अत्तर. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब अटलांटिकसकट खिडकीपाशी सरकलं. सुपरवायझर बाई रुमाल लावून आल्या आणि डबा व्हरांड्यात ठेवायला लावला. पण तोवर सगळ्या हॉलला कळलं होतं की वास कुठल्या टेबलाचा आहे, आणि एरवी आमच्याकडे कुणी फिरकलंही नसतं तिथे पालकांची गर्दी जमली. गर्दी जमली म्हणून उमामाने लावलेला तक्ता लोकांनी वाचला. आणि लोक वाचायला लागले म्हणून, प्रकल्पाचा बाप असूनही, मी तो तेव्हा पहिल्यांदाच वाचला.

तक्त्याला दोन रकाने होते. पहिल्यात कुरिया मुरिया. क्षेत्रफळ, वस्ती, कुणी दिली, कुणाला, बदल्यात काय, परत कधी. दुसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं ‘जुवा, जिल्हा रत्नागिरी’. नारळाची झाडं एकोणीस. गोड्या पाण्याची विहीर एक. वस्ती नाही, मालक परदेशात, कारभार वडिलांच्या चुलतभावाकडे. कुणी दिला: सफूरा फुफी. कुणाला: माझे वडील. बदल्यात काय: एक ब्लँकेट, डबल बेड, टू-प्लाय. परत कधी: आणि पुढे एक आडवी रेघ.

मॅडमना ते फार आवडलं. त्या म्हणाल्या, तौलनिक अभ्यास अगदी मूळचा आहे. एका केरळच्या गृहस्थांनी मला प्रेमाने विचारलं की टू-प्लाय म्हणजे जाडवालं ना. मी हो म्हटलं. गर्दीत मागे हसन उभा होता, त्याचा मुलगा त्याच शाळेत आहे. त्याच्याच हाती मी विक्रीचं मुखत्यारपत्र पाठवणार होतो. त्याने तक्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर डब्यापाशी जाऊन उभा राहिला. एवढा वास सहन करणं त्याला सोपं वाटलं असावं.

घरी आल्यावर मी आवाज चढवला. घरची गोष्ट चारचौघांत मांडायची काय गरज होती, आणि हे तुला सांगितलं कुणी? ती म्हणाली, “फुफीने. मी तिला एव्हरी फ्रायडे कॉल करते ना. तिने कंप्लेंट नाही केली, अब्बा. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. आणि तो ब्लँकेट तिने ओपन पण नाही केला. पॅकिंगमध्येच आहे.”

म्हणजे बघ. सहा वर्षं मला चार शब्द आणि माझ्या पोरीला दर शुक्रवारी तासभर. याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मला लाज वाटली, आपा. ती सांगायलाच इतकी पानं लागली.

तो दिवस तुला आठवत असेल, मला तर आता रोज आठवतो. अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले होते, माझं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं आणि तालुक्याच्या कचेरीत हक्कसोडीच्या कागदावर तुझी सही हवी होती. आपल्यात सगळ्याच बहिणी करतात तशी तूही करायला निघालीस. मी पाच वक्ताचा नमाजी माणूस, शरियतने बहिणीचा एक तृतीयांश हिस्सा असतो हे मला तोंडपाठ. पण मोहल्ल्यात कुणी दिलाय, मग मीच का वेगळा, असं मनाला समजावलं होतं. मुंबई विमानतळावरून डोक्यावर वाहून आणलेलं ते सहा किलोचं ब्लँकेट तुला देऊन झालं होतं. (रत्नागिरीच्या हवेत ते ब्लँकेट कोण आणि कधी पांघरणार, हा विचार गल्फमध्ये ते विकत घेणाऱ्या एकाही भावाला आजवर सुचलेला नाही.) रिक्षात तू एकदाच विचारलंस, “जुवा पण यातच आलाय काय रे?” आणि मी म्हटलं, सगळं एकत्रच आहे आपा, तो वेगळा काढायचा तर पुन्हा एक फेरी पडेल. तू बरं म्हणालीस आणि सही केलीस.

एक फेरी. मी तुझा जुवा एक फेरी वाचवायला घेतला. अम्मा तिथे आपल्याला घेऊन जायची, तू वल्हं मारायचीस आणि मी होडीतलं पाणी करवंटीने उपसायचो, लग्नानंतर तू तीन घरांपलीकडे गेलीस तरी विहिरीचं पाणी आणायला तिथेच जायचीस, हे सगळं मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तू तिथे पाय ठेवलेला नाहीस, हे मात्र मला माझ्या पोरीकडून कळलं. तक्त्यात तिने वस्ती नाही असं लिहिलंय. त्याला खाली जोडलेली तळटीप मी नंतर वाचली, “फुफी आता जात नाही.”

असो. जुव्याचा विषय काढणार नाही म्हटलं होतं आणि विषय शाळेचाच होता. उमामाला प्रकल्पात दुसरा नंबर मिळाला. वासाचे गुण कापले असावेत असा माझा अंदाज आहे. दुल्हाभाईंना सलाम, पोरांना दुआ, काळ्या शेळीला जे काय लागतं ते. नौशीन तुला सलाम सांगते आणि म्हणते की पत्र लांबलं.

तुझा, अजूनही पोहायला भिणारा,
रशीद

ता. क. १. हसनच्या बॅगेत दोन किलो खजूर, दुल्हाभाईंसाठी गुडघ्याचा पट्टा आणि तुझ्यासाठी सलालाहचा लोबान आहे. ब्लँकेट पाठवलेलं नाही.

ता. क. २. मुखत्यारपत्र मात्र या पत्राच्याच पाकिटात आहे, साक्षांकित करून. फक्त त्यात सकलैनच्या जागी हुसैनमियाँ दुल्हाभाईंचं नाव आहे, आणि विक्रीच्या जागी तुझ्या नावाने बक्षीसपत्र. सकलैनला मी कळवलंय. तो फार चिडलाय आणि रिसॉर्टवाला त्याच्यावर चिडलाय, ते दोघं आपसात बघून घेतील. बाकीच्या तुझ्या हिश्श्याचं मे महिन्यात मी आलो की समोर बसून बोलू. पण वकील म्हणाला, बक्षीसपत्रावर घेणाऱ्याचीही कबुली लागते. म्हणजे कायद्यानेसुद्धा तुला विचारल्याशिवाय परत देता येत नाही. तेव्हा विचारतोय. आपा, जुवा तुला हवा आहे का? हवा तर दुल्हाभाईंना घेऊन कचेरीत जा. नको तर नको म्हण, मी ऐकून घेईन. मागच्या वेळी मी तुला नको म्हणायला जागाच ठेवली नव्हती. आणि विचार करायला बेटावरच्या त्या म्हाताऱ्याच्या बापासारखा एक दिवस घे, किंवा एक वर्ष घे.

ता. क. ३. उमामा म्हणते, तक्त्यातली ती रेघ तिने पेन्सिलने काढली आहे, पेनने नव्हे.

ता. क. ४. खरं काम राहिलंच. तू सही केलीस की जुवा तुझा. मग मे महिन्यात आम्ही आलो तर तिथे उतरायला तुझी परवानगी लागेल. चोवीस वर्षं व्हिसावर जगतोय, त्यामुळे मला त्यात कमीपणा वाटत नाही, दारात उभं राहायची सवय आहे. एकाच दिवसाचा दे. डबा आम्ही आमचा आणू, विहिरीचं पाणी तेवढं प्यायचंय. होडी मात्र तू वल्हव. मी मागे बसून पाणी उपसतो.